एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा) वाळलेला गाळ ऊस आणि भाजीपाल्याला चालेल का?

काळीमाती: नगरपालिकेच्या एसटीपीचा वाळवण वाफ्यावरचा गाळ फक्त वाहतूक खर्चात मिळतोय. दोन एकर सुरू (हिवाळी लागणीचा) ऊस, अर्धा एकर पालक, कोथिंबीर आणि गाजर. जमीन काळी, सामू (पीएच) ८.१. केंद्राच्या रिपोर्टमध्ये कॅडमियम (विषारी जड धातू) २.४ मिग्रॅ/किलो आणि ओलावा ६०% लिहिलाय, म्हणजे मर्यादेत दिसतो. एकरी किती टाकावा?

मृदा_रसायन: थांबा, हा आकडा ओल्या वजनावरचा आहे का ते प्रयोगशाळेला विचारा. तसा असेल तर २.४ भागिले ०.४० म्हणजे कोरड्या वजनावर ६ होतो. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशातली मर्यादा ५ आहे, म्हणजे हा गाळ नापास. शिसे १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, झिंक १०००, पारा ०.१५ हेही कोरड्यावरच बघा. कुणी अमेरिकेच्या नियमातली कॅडमियमची ३९ ची मर्यादा दाखवली तर ती धरू नका. तिथला हिशेब वेगळ्या गृहीतकांवर बेतलेला आहे.

एकरी २ टन कोरडा गाळ टाकला तर कॅडमियम १२ ग्रॅम जाते. वरच्या १५ सेंमी मातीचे वजन साधारण ९ लाख किलो, म्हणजे वाढ ०.०१३ मिग्रॅ/किलो. एका वर्षाला नगण्य, पण धातू कुजत नाही, दरवर्षी भर पडत जाते. तुमच्या चुनखडीच्या जमिनीत तो बराचसा बांधला जातो. कोकणातल्या आम्ल जांभ्या जमिनीत हाच गाळ जास्त घातक, तिथे पीक कॅडमियम सहज उचलते. शहरातले इलेक्ट्रोप्लेटिंगचे (धातूचा मुलामा देणारे) कारखाने त्याच गटाराला जोडलेत का, ही चौकशी आधी करा. नमुना ढिगाच्या १०-१२ जागांतून, आतल्या थरासकट घ्या.

जंतूशास्त्र: वास गेला म्हणजे जंतू गेले असे नाही. गोल जंतांची अंडी वाळलेल्या गाळात आणि मातीत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. पालक, कोथिंबीर, गाजराला हा गाळ अजिबात नको. पूर्ण निर्जंतुक न केलेला गाळ घातलेल्या जमिनीत, मातीला टेकणाऱ्या खाद्यपिकासाठी अमेरिकेचा नियम १४ महिने थांबायला सांगतो. कंदमुळांसाठी २०, आणि गाळ लगेच मातीत मिसळला असेल तर ३८ महिने.

धातूंच्या तपासणीत पास झालेला गाळ मिळाला तर उसासाठी आधी कंपोस्ट करा. गाळात नत्र फार, कर्ब कमी. म्हणून पाचट किंवा बगॅस (उसाचा चोथा) मिसळून कर्ब-नत्र गुणोत्तर २५-३० वर आणा. ओलावा ५५-६०%, ढीग दीड मीटर उंच. गाभ्याचे तापमान १५ दिवस किमान ५५ अंश राहायला हवे आणि त्या काळात पाच वेळा पलटी. पलटी चुकवली की बाहेरचा थंड थर तसाच राहतो आणि त्यातली अंडी जिवंत सुटतात. ढीग तापतच नसेल तर बहुतेक गाळ जास्त आणि पाचट कमी झालेय, हवा खेळत नाही. शेवटी विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) ग्रॅममागे १००० च्या आत आले का, हे तपासून घ्या. तो नमुना बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवा. अहमदाबादला गाळावर कोबाल्ट-६० चा गॅमा मारा करणारे केंद्र आहे, तो खरा खात्रीचा मार्ग. पण तशी सोय जवळ असतेच असे नाही.

काळीमाती: भाजी रद्द. गाळही कोरड्या वजनावर पुन्हा तपासतो. पास झाला तर कंपोस्ट एकरी किती?

मृदा_रसायन: नत्र धरून हिशेब करू नका, इथेच गडबड होते. समजा कंपोस्टमध्ये नत्र २% आणि स्फुरद (पी२ओ५ धरून) २% आहे. २ टन कोरड्यात नत्र ४० किलो, पण पहिल्या वर्षी त्यातले जेमतेम ४ किलो पिकाला मिळते. स्फुरद मात्र ४० किलो, आणि सुरू उसाची एकरी गरजच ४६. नत्र भरायला मात्रा दुप्पट केलीत तर स्फुरद साचून जस्त आणि लोह अडते. म्हणून कमाल २ टन कोरडे, म्हणजे ४०% ओलाव्याला सुमारे ३.३ टन. सरीत टाकून लगेच मातीआड करा, विहीर आणि ओढ्यापासून किमान १० मीटर सोडून. पालाश बहुतेक पाण्यासोबत निघून गेलेले असते, ते पूर्ण द्या.

गाळ चुना मारून स्थिर केलेला असेल तर घेऊच नका. ८.१ सामूच्या जमिनीत उसावर केवडा (लोहाअभावी पाने पिवळी पडणे) पडेल.

पाणी_प्रदूषण: एक राहिलेच. पीएफएएस (सहज न विघटणारी, फ्लोरिनयुक्त औद्योगिक) रसायने कंपोस्टच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत, त्यांच्यामुळेच अमेरिकेतल्या मेन राज्याने २०२२ मध्ये शेतात असा गाळ टाकायला बंदी घातली. आपल्याकडच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये त्यांची तपासणी नसते. ज्या विहिरीचे पाणी पिता, तिच्या वरच्या अंगाच्या शेतात हा गाळ टाकूच नका.