खाडीच्या पाण्याने ठिपके जात नाहीत
पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं, तेच खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत टाकलं की माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके आपोआप जातात, हे काहींचं मत अर्धंच बरोबर आहे. क्षार कमी केल्यावर हे ठिपके आणणारा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, मरतो खरा, पण पाण्याची विशिष्ट घनता (खारटपणाचं माप) १.००९ वर सलग टिकली तरच. दाभोळ काय नि जयगड काय, खाडीत ती भरती-ओहोटीगणिक बदलते, वर गाळ येतो तो वेगळाच. त्यापेक्षा पावसाआधी भरून ठेवलेल्या १० लिटर समुद्राच्या पाण्याला साधारण १८ लिटर आरओचं पाणी, या प्रमाणापर्यंत आजारी माशाच्या वेगळ्या टाकीतला खारटपणा दोन दिवसांत हळूहळू उतरवा. ठिपके दिसेनासे झाल्यावरही चार आठवडे तसंच ठेवायचं. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरणच हवं. त्या टाकीत प्रवाळ, कोळंबी नकोत. पीएच घसरतो, रोज तपासा. मात्र ठिपक्यांऐवजी बारीक सोनेरी भुकटी दिसली आणि मासा धापा टाकत असेल, तर तो व्हेल्व्हेट नावाचा वेगळा रोग. त्याला ही मात्रा लागू पडत नाही, तिथे तांब्याचं औषधच.