कॉलेजातला उंच सेंटर एनबीएत टिकेल का, हे कशावरून ओळखावे?

प्रश्न (जळगाव)
मी येथील एका महाविद्यालयाच्या संघाचा सराव घेतो आणि जमेल तेव्हा पहाटे उठून अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉल पाहतो. ९ एप्रिल २०२४ रोजी सकाळी परड्यू आणि यूकॉन (कनेक्टिकट) या विद्यापीठांच्या संघांचा अंतिम सामना पाहिल्यापासून एक प्रश्न मनात आहे. परड्यूच्या सात फूट चार इंच उंचीच्या झॅक ईडीने त्या सामन्यात ३७ गुण केले, तरी त्याचा संघ ६०-७५ असा हरला. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात, त्या जूनमधल्या ड्राफ्टमध्ये मात्र यूकॉनचा डोनोव्हन क्लिंगन सातवा निवडला गेला आणि ईडी नववा. सलग दोन वर्षे देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या पिव्हटला (म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरला) मागे ठेवून, ज्याच्या संघावर त्याने एवढे गुण केले तोच पिव्हट आधी का घेतला जातो?

उत्तर (भुसावळ)
सर, गुणांचा तक्ता क्षणभर बाजूला ठेवा. कॉलेजात बचाव करणाऱ्या सेंटरला रिंगखाली हवा तितका वेळ उभे राहता येते. एनबीएत मात्र जवळच्या कोणाला प्रत्यक्ष अडवत नसेल, तर तीन सेकंदांत त्याला तेथून बाहेर पडावे लागते. शिवाय तेथील थ्री-पॉइंटची कमान (जिच्याबाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) माथ्याशी २३ फूट ९ इंचांवर आहे, म्हणजे कॉलेजपेक्षा दीड फुटाहून अधिक लांब, त्यामुळे उंच खेळाडूला राखावी लागणारी जागा बरीच वाढते.

पुढचा सामना पाहताना चेंडूकडे पाहूच नका, फक्त त्या सेंटरचे पाय पाहा. समोरचा गार्ड (चेंडू खेळवणारा चपळ खेळाडू) स्क्रीनला, म्हणजे वाट अडवून उभ्या असलेल्या आपल्या सहकाऱ्याला, वळसा घालून वेगाने आत येतो, त्या क्षणी हा पंज्यांवर आहे की टाचांवर, गार्डच्या पहिल्या हुलकावणीलाच त्याची कंबर वळते का, आणि गार्डला थोपवून तो आपल्या माणसाकडे वेळेत परततो का, हे दहा वेळा पाहिले की बरेच कळते. क्लिंगनचे मोल निवडणाऱ्यांनी प्रामुख्याने या बचावासाठी केले, असे माझे मत आहे. आयोवाचा लूका गार्झा २०२१ मध्ये देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरूनही ५२ वा निवडला गेला, तोही मुख्यतः पायांच्या संथपणामुळे.

उत्तर (धुळे)
वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. केवळ बचाव पाहून निवडायचे, तर हशीम थबीटचे काय? यूकॉनचाच, सात फूट तीन इंचांचा, कॉलेजात ब्लॉकसाठी, म्हणजे रिंगकडे टाकलेला चेंडू हवेतच अडवण्यासाठी, गाजलेला. २००९ मध्ये एनबीएच्या मेम्फिस संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये पुढे महान ठरलेला स्टीफन करी सातवा होता. थबीट २०१४ नंतर एनबीएचा एकही सामना खेळला नाही. पायांइतकेच हातही पाहावेत: धावता धावता गुडघ्याजवळ आलेला पास पकडून तो चेंडू खाली न आणता वर नेतो का? फ्री थ्रोही (फाउलनंतर कोणी न अडवता मिळणारे फेक) पाहावेत, कारण पुढे लांबून नेम बसण्याची शक्यता तेथेच प्रथम दिसते. आणि ईडीला कमी लेखू नका. पहिल्याच हंगामात नवोदितांच्या सर्वोत्तम पाचांत तो आला, क्लिंगन दुसऱ्या पाचांत होता.

उत्तर (रावेर)
आमच्याकडे केळीचा घड लांबून कितीही मोठा दिसला, तरी व्यापारी खालच्या फणीला हात लावल्याशिवाय भाव बोलत नाही. उंच मुलांच्या बाबतीत ती खालची फणी म्हणजे गुडघा आणि पाऊल. २००७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला ग्रेग ओडन गुडघ्यांच्या दुखापतींमुळे फार खेळूच शकला नाही, आणि दुसऱ्या क्रमांकावरचा केविन ड्युरंट कोठे पोहोचला, हे आपण पाहतोच.

प्रश्नकर्ता (जळगाव)
सर्वांचे आभार. आपण खेळतो त्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांतही बचावाला तीन सेकंदांची अट नाही, त्यामुळे माझ्या संघातील सहा फूट चार इंचांच्या मुलाला मी दोन वर्षे निर्धास्तपणे रिंगखालीच उभे ठेवले होते. काल त्याला कमानीपाशी आणून आमच्या सर्वांत चपळ गार्डसमोर उभे केले. दहापैकी सात वेळा गार्ड त्याच्या बाजूने निघून गेला. आठव्या खेपेला त्या मुलाने बूट काढून तळवे चोळले आणि पुन्हा उभा राहिला. आता आठवड्यातले दोन दिवस केवळ पायांच्या हालचालींसाठी राखले आहेत.