ज्यू शिकवणीनुसार आपले जीवनकार्य कसे ओळखावे?

शोधयात्री (प्रश्न):
नोकरी स्थिर आहे, मुले मार्गी लागली आहेत, तरी आपण नेमके कशासाठी जन्माला आलो हा प्रश्न मला अलीकडे सतत पडतो. हानिपोलचे हसीदी (ज्यूंमधील एका भक्तिपंथाचे) गुरू झुश्या (निधन १८००) म्हणत असत की, परलोकात मला ‘तू मोशे (ज्यूंचा सर्वांत मोठा संदेष्टा) का झाला नाहीस’ असे कोणी विचारणार नाही. ‘तू झुश्या का झाला नाहीस’ असे विचारतील. प्रत्येकाचे कार्य असे वेगळे असेल, तर ते ओळखायचे कसे? आणि पन्नाशीनंतर उशीर तर झालेला नसतो ना?

अष्टागर:
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळत आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ ना हिब्रू ग्रंथ होते, ना रब्बी (ज्यू धर्मगुरू). शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढ्यावर त्यांनी धर्म राखला. आधी हेतू उमगावा आणि मगच आचरण सुरू करावे, असे ते म्हणत बसले असते, तर आज आम्ही ज्यू म्हणून उरलोच नसतो. सीनाय पर्वतापाशी ईश्वराचे नियम स्वीकारतानाही लोकांनी ‘आम्ही करू आणि ऐकू’ असेच वचन दिले होते. आजाऱ्याची विचारपूस, गरजूला मदत असे एखादे कर्तव्य नेमाने करू लागा. आपला कल कुठे आहे हे त्यातूनच कळत जाते.

दीपस्तंभ:
याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदिस (११३८–१२०४) यांच्या मते ईश्वराला जाणणे हेच माणसाचे अंतिम साध्य असून खाणे, झोपणे, व्यापार करणे हेसुद्धा त्याच साध्याकडे वळवलेले असावे. म्हणजे आचरणाला दिशा हवीच. मात्र त्यांची स्वतःची वैद्यकी ठरवून निवडलेली दिसत नाही. घर चालवणारा त्यांचा व्यापारी भाऊ डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला, त्या धक्क्याने ते सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले आणि पुढे उपजीविकेसाठी वैद्य झाले. उतारवयात राजदरबारातून थकून घरी परतल्यावरही दाराशी थांबलेल्या रुग्णांना ते तपासत असत.

पानगळ:
उशिराविषयी एवढेच लिहितो. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, त्याच्या आगेमागे जगलेले रब्बी तार्फोन सांगत की, काम पूर्ण करणे तुझ्यावर बंधनकारक नाही, पण ते सोडून देण्याची मोकळीकही तुला नाही. यात वयाची अट कोठेही घातलेली नाही, त्यामुळे पन्नाशीत सुरुवात करण्यास या शिकवणीची काहीच हरकत नाही.