वाटाण्याचा शॉटच खरा ट्रिब्यूट आहे

दादा, तुम्ही म्हणता ते पटलं, की दादासाहेब फाळक्यांनी पहिला सिनेमा कसा काढला ते दाखवणाऱ्या परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ला १५ वर्षं झाली म्हणून पोरांनी केलेला व्हिडिओ हलतो, लाईट उडतो, पण अहो तो लाईट उडणारच ना, वाटाण्याचं रोप खिडकीत ठेवून रोज एक फोटो काढला त्यांनी, कधी ऊन कधी ढग, आपल्या नागपुरात डिसेंबरात सकाळी धुकं असलं की फ्रेम पार पांढरी. माझा भाचा आहे त्यात म्हणून सांगून राहिलो. पहिलं रोप तर खारीनं नेलं, आमच्या महाल भागातल्या घरी खारी लई, मग परत पेरलं.

आणि हे त्यांनी हौसेनं नाही घुसवलं बरं. फाळक्यांनी १९१२ मध्ये भांडवलवाल्याला पटवायला हेच केलं होतं, कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेऊन. ते पाहून पैसा उभा राहिला अन् १९१३ च्या ३ मे ला मुंबईच्या कोरोनेशन थेटरात 'राजा हरिश्चंद्र'चा खेळ लागला. बाई मिळेना म्हणून तारामती झाले हॉटेलात काम करणारे साळुंके!

सिनेमात पुरुष नट साड्या नेसतात त्या सीनची नक्कल मात्र मलाही नाही आवडली, उगाच ओव्हरॲक्टिंग करून राहिले सगळे. परेश मोकाशींच्या सिनेमात कोणी हसवायला जात नाही म्हणून तर हसू येतं. तेवढा कापा म्हटलं भाच्याला, तर म्हणे मामा, त्यात आमचा प्रोड्यूसर आहे, त्याच्याच फोनवर शूट केलंय.