डीप टिश्यू मसाज: जोर जितका जास्त, तितका गुण जास्त, हे खरे आहे का?

निशिगंध (मूळ लेखन)

मान, खांदे किंवा कंबर आखडली की हल्ली डीप टिश्यू मसाजचा सल्ला हमखास मिळतो. बोटे, मूठ, कोपर आणि कोपराखालचा हात वापरून, संथ गतीने, वरच्या स्नायूंखालच्या थरांपर्यंत दाब पोहोचवायचा, अशी ही पद्धत आहे. तिने बरे वाटते आणि मान पूर्वीपेक्षा थोडी जास्त वळू लागते, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप त्यामागे सांगितल्या जाणाऱ्या कारणांना आहे, कारण किती जोर लावायचा हे त्या कारणांवरूनच ठरते.

पहिले कारण असे सांगतात की स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल रगडल्याने निघून जाते. व्यायामाने वाढलेले लॅक्टेट (म्हणजे याच आम्लाचे शरीरातील रूप) नुसती विश्रांती घेतली तरी साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते आणि अंग खरे ठणकते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, त्यांच्या एकाच पायाला मालीश केले आणि दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे नमुने तपासले. लॅक्टेटमध्ये फरक आढळला नाही; दाहाशी संबंधित काही रासायनिक संकेत मात्र मालीश केलेल्या पायात कमी होते.

दुसरे कारण म्हणजे स्नायूंभोवतीचे फॅशिया नावाचे आवरण चिकटते आणि जोर लावून ते सोडवावे लागते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासानुसार मांडीच्या बाहेरच्या बाजूचे आणि तळपायाचे जाड आवरण एक टक्का दाबण्यासाठीसुद्धा लागणारे बल माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यामुळे मालीशने मिळणारा मोकळेपणा बराचसा मज्जासंस्थेतून येत असावा, असे मला वाटते. ताण सोसण्याची मर्यादा तात्पुरती वाढते आणि स्नायू सैल सुटतो. तसे असेल, तर दात-ओठ खाऊन वेदना सोसण्याला अर्थ उरत नाही, कारण श्वास रोखून धरलेला माणूस नेमके तेच स्नायू आवळतो जे सैल व्हायला हवेत.

आखाडा

आपण दिलेली माहिती मी आदराने वाचली, पण निष्कर्ष मला पटत नाही. कोल्हापूरच्या तालमींत मेहनत झाल्यावर पठ्ठे एकमेकांचे अंग रगडतात, ते काही प्रयोगशाळेच्या परवानगीने सुरू झालेले नाही. जोर-बैठका मारून आणि हौद्यात (कुस्तीच्या मातीत) झोंबून कमावलेल्या मांडीला हलका हात लागल्याचे कळतसुद्धा नाही. म्हणूनच तिथे टाचेने तुडवण्याची रीत आहे. त्यातही वस्ताद डोळ्यांत तेल घालून पाहत असतात, आणि कोणाला किती सोसेल हे त्यांना हाताखालच्या अंगावरून समजते.

शिवाय, अकरा तरुण, एकदाच केलेले मालीश आणि एकच पाय, एवढ्यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव बाजूला ठेवणे मला घाईचे वाटते. त्याच अभ्यासात दाह कमी झाल्याचे आपणच लिहिले आहे, म्हणजे फायदा आहे. कारण चुकीचे सांगितले गेले म्हणून कृती चुकीची ठरत नाही.

शरीरवेध

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरील दोन्ही प्रतिपादनांत एक प्रश्न राहून गेला आहे: हालचाल नेमकी कशामुळे अडली आहे? स्नायू आवळल्यामुळे अडली असेल, तर मालीशने ती सुटू शकते. सांध्याचे आवरणच आकसले असेल, तर वरचे स्नायू कितीही मळले तरी हात वर जाणार नाही.

फ्रोझन शोल्डर, म्हणजे असा आखडलेला खांदा, हे याचे ठळक उदाहरण आहे. हा विकार साधारण ४० ते ६० या वयात अधिक दिसतो आणि मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण लक्षणीय असते. कोपर शरीराला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला वळवता येत नाही, आणि दुसऱ्या कोणी तो वळवण्याचा प्रयत्न केला तरी तो तिथेच अडतो. स्वतःला जमत नाही पण दुसऱ्याने हलवल्यावर हात सहज फिरतो, असे असेल तर कारण वेगळे शोधावे लागते. दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात अशा खांद्यावर कोपराने जोर दिला की वेदना भडकते, रात्रीची झोप जाते, आणि मग रुग्ण हात हलवायलाच घाबरतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि दर वेळी मला वाईट वाटते, कारण एवढी साधी तपासणी आधी झाली असती तर ते टळले असते.

कंबरदुखीबद्दलही थोडे सांगते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीसाठी मालीश हा एक पर्याय आहे, पण त्यामागचा पुरावा कमी दर्जाचा असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. बारा आठवड्यांहून जुन्या दुखण्यासाठी व्यायाम, योग, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार) यांचा समावेश आहे, मालीशचा नाही. म्हणून अंग मोकळे वाटते त्या काही तासांत व्यायाम करून घ्यावा, असे मी रुग्णांना सांगते. नुसते मालीश करून घरी जाणे मला अपुरे वाटते.

पाऊलवाट

शरीरवेध यांच्या तपासणीच्या आग्रहाशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र 'अपुरे' या शेऱ्याला माझा विरोध आहे. दिवसभर शिलाई यंत्रावर वाकून बसणाऱ्या किंवा बारा तास उभ्याने काम करणाऱ्या व्यक्तीला दोन दिवस मान न दुखता झोप लागली, तर तो लाभ पूर्ण आहे. आपण डोके दुखल्यावर पॅरासिटामॉल घेतो तेव्हा तिने आजार मुळापासून बरा करावा अशी अट घालत नाही. मग मालीशकडूनच कायमच्या सुधारणेची अपेक्षा का? व्यायाम हवाच, पण ज्याला वेदनेमुळे हात उचलवत नाही, त्याला व्यायामापर्यंत पोहोचवणारे काहीतरी लागते.

निशिगंध

पाऊलवाट यांचा मुद्दा मला मान्य आहे. अल्पकाळचा आराम हाही आरामच, फक्त तो तसाच सांगून विकावा. आखाडा यांना एवढेच विचारते, की पंचविशीतल्या पैलवानाला सोसणारा जोर साठीच्या कारकुनाच्या पाठीवर वापरण्याला तालमीचा अनुभव आधार कसा ठरतो? तालमीत अंग ओळखणारे वस्ताद असतात. तासाच्या हिशेबाने चालणाऱ्या स्पामध्ये मालीश करणाऱ्याला समोरच्याचा मधुमेह, त्याची औषधे आणि जुने अस्थिभंग यांबद्दल विचारायलाही अनेकदा कोणी शिकवलेले नसते.

आखाडा

साठीच्या माणसाला पैलवानासारखे तुडवावे, असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. हात अंगाप्रमाणे बदलला पाहिजे. पण 'जोरच नको' हा निष्कर्ष मला आजही मान्य नाही, कारण भरलेल्या अंगाला वरवरचे चोळणे पुरत नाही, आणि आपण सांगितलेल्या अभ्यासांत कमी-जास्त जोराची समोरासमोर तुलना केलेली नाही.

शरीरवेध

तुलनेचा आक्षेप योग्य आहे आणि तशी तुलना व्हायला हवी. मात्र काही ठिकाणी तिची वाट पाहण्याची गरज नाही. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणे असेल, तर ती रगडू नये, शिरेत गुठळी असण्याची शक्यता असते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आधी डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असणाऱ्यांनी आणि हाडे ठिसूळ झालेल्यांनी खोल दाब घेऊ नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे कोणालाही जोर लावू देऊ नये. मालीशनंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली आणि स्नायू असह्य दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण क्वचित प्रसंगी अति जोराने स्नायूंचे तंतू मोडून मूत्रपिंडांवर भार येतो.