शब्दचर्चा : उत्तम शुक्रवार, झावळ्यांचा रविवार आणि शुभेच्छा

इंदूरकर : आमच्या मराठी मंडळाची दिनदर्शिका छापायला जायची आहे. कच्च्या प्रतीत ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ असं आलंय. मला खटकतंय, पण कमिटीतले म्हणतात, नावातच ‘गुड’ आहे, मग अडचण काय? शिवाय ख्रिस्ती सणांना मराठीत नेमकं काय लिहायचं? इथे आजूबाजूला सगळी हिंदी, नाताळला ‘बडा दिन’च ऐकू येतं. जाणकारांनी सांगावं.

बडोदेकर : शुभेच्छा आधी काढा. येशूला क्रुसावर खिळलं तो हा दिवस. इथला ‘गुड’ इंग्रजीतल्या ‘पवित्र’ या जुन्या अर्थाचा. पोर्तुगीज सरळ ‘पवित्र शुक्रवार’ म्हणतात, जर्मन लोक ‘शोकाचा शुक्रवार’. मराठी ख्रिस्ती मंडळींत ‘उत्तम शुक्रवार’ रूढ आहे. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा (एरवीची मुख्य उपासना) होत नाही, वेदीवरचं कापडसुद्धा काढलेलं असतं. बऱ्याच चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि क्रुसावरच्या येशूच्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात. तिथून बाहेर पडणाऱ्या माणसाला ‘हॅपी’ म्हणून बघा!

‘नाताळ’ बिनधास्त लिहा. पोर्तुगीज ‘नाताल’, म्हणजे जन्म, तिथून आपल्याकडे आला. आमची बडोद्यात सोय आहे, गुजरातीतही ‘नाताल’च. फतेगंजात बोला नाही तर मांडवीत, सगळ्यांना कळतं.

इंदूरकर : आणि ईस्टर? कॅलेंडरवाला दरवर्षी विचारतो, यंदा तारीख कोणती.

बडोदेकर : येशू पुन्हा उठला तो हा दिवस. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल या टप्प्यात फिरतो. (चर्चची पौर्णिमा कोष्टकावरून काढतात, त्यामुळे क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो.) आपल्या पंचांगाशी ताडून बघायला मजा येते. 2023 मध्ये हनुमान जयंती 6 एप्रिलला, ईस्टर 9 एप्रिलला. 2024 मध्ये मात्र होळीची पौर्णिमाच धरली गेली आणि ईस्टर 31 मार्चला आला. ईस्टर ठरला की बाकीचं आपोआप ठरतं : ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस.

ईस्टरच्या मागे यहुद्यांचा सण उभा आहे, त्याला मराठी बायबलात ‘वल्हांडण’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. हिंदीत ‘फसह’, गुजरातीत ‘पास्खा’, म्हणजे दोघांनी मूळ नावच थोडं वळवून घेतलं. मराठीने अर्थ उचलला : इजिप्तमध्ये मृत्यू इस्राएल लोकांची घरं ओलांडून गेला, ते वल्हांडणं.

वसईची, सध्या इंदूर : दादा, थोडं माझंही. माहेर वसईचं, लग्न होऊन इकडे आले. ईस्टरच्या आधीचा रविवार आमच्याकडे ‘झावळ्यांचा रविवार’. झावळी म्हटलं की माडच डोळ्यांपुढे येतो, वसईत तो दारात असतो. इथे तोच दिवस ‘खजूर इतवार’. आधी हसू आलं, पण बायबलात लोक येशूला सामोरे जातात ते खजुरीच्याच फांद्या घेऊन, तेव्हा इथला शब्द झाडाशी जास्त प्रामाणिक आहे. मी अजून झावळ्याच म्हणते, ते सोडा. त्या पानाच्या पट्ट्या विणून बोटभर क्रूस करायचा आणि तसबिरीमागे खोचायचा. वर्षभर तो पिवळा पडत, वाळत राहतो. पुढच्या वर्षी चर्चमध्ये जुनी पानं गोळा करून जाळतात. राखेच्या बुधवारी कपाळावर लावतात ती हीच राख.

त्या बुधवारपासून उपवासकाळ. ईस्टरपर्यंत दिवस 46 भरतात, पण रविवार धरत नाहीत, म्हणून चाळीस. हिंदीत याला ‘चालीसा’ म्हणतात. ‘हमारा चालीसा चल रहा है’ असं मी शेजारच्या काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘वा, रोज म्हणतेस? मीही मारुतीचं म्हणते.’ दिनदर्शिकेत ‘उपवासकाळ’च लिहा.

इंदूरकर : ताई, नोव्हेंबरचं पण सांगा. 1 तारखेला मध्य प्रदेशचा स्थापना दिवस आहे, त्या चौकटीत आधीच गर्दी.

वसईची, सध्या इंदूर : 1 ला सर्व संतांचा सण, तो बारीक अक्षरात बसेल. 2 ला मृतांचा दिवस. कबरी धुऊन, फुलं घालून मेणबत्त्या लावतात, तिथे शुभेच्छा नकोत. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, जमलं तर तेही घ्या, कुणी घेतच नाही. नाताळला आणि ईस्टरला मात्र शुभेच्छा अगदी ठळक छापा, ईस्टर आमच्याकडे नाताळपेक्षाही मोठा.

इंदूरकर : कमिटीला सगळं पाठवलं. ‘उत्तम शुक्रवार’वर एकांचा आक्षेप आहे : दुःखाचा दिवस, मग ‘उत्तम’ कसा?

बडोदेकर : पिढ्यान् पिढ्या तो दिवस पाळणारी मंडळी हाच शब्द वापरतात. त्यांना चालतो, तर कमिटीलाही चालवून घ्यावा लागेल. फारच अडून बसले तर कंसात ‘गुड फ्रायडे’ टाका आणि छापायला द्या.