प्रति: आयरिश फिडल म्हणजे नुसती पळापळ?

वर कुणीतरी म्हटलंय की आयरिश फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) म्हणजे नुसती पळापळ, दोन धुनांत कान दमतात. पटतं, पण मग फिडलवादक मार्टिन हेज ऐकाच.

आयर्लंडच्या काउंटी क्लेअरचा, जन्म १९६२. वडील पी. जे. हेज 'टला केली बँड' या लोकनृत्याच्या बँडचे फिडलवादक, म्हणजे नाचाचं संगीत घरातलंच. ऑल-आयर्लंड फिडल स्पर्धा सहा वेळा जिंकून पठ्ठ्या शिकागोला गेला आणि तिथे चक्क इलेक्ट्रिक बँडमध्ये वाजवत होता! गिटारवाला डेनिस काहिल तिथलाच. पुढे दोघांची जोडी जमली, ती २०२२ मध्ये काहिल वारला तोवर.

हेज नाचाचीच रील, म्हणजे एरवी जलद वाजणारी धून, घेतो, पण इतकी संथ की प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. एखादा सूर खालून हळूच सरकवत आणतो, आपल्या मींडेची आठवण व्हावी असा. काहिल मागे एखाददुसराच स्वर टाकतो, बाकी गप्प. आणि मग लय कधी चढली ते कळतच नाही. 'लाइव्ह इन सिअॅटल' या अल्बममधली जवळपास अर्ध्या तासाची धुनांची मालिका हेडफोन लावून ऐका. मी बसमध्ये ऐकत होतो, स्टॉप चुकला.